न धुतलेला कापूस

४ जाने. ९४
सरांचा पेपर छापून आला. गॅमा किरणांनी कापसावर ॲक्रिलिक आम्लाचं कलम, म्हणजे आम्ल धाग्याला कायमचं जोडणं. कापूस आमच्या गावाकडच्या, कुंभार पिंपळगावच्या रानातला. नळ्या मी भरल्या, एसटीत मांडीवर धरून गॅमा चेंबरपर्यंत मी नेल्या. माझं नाव? शेवटी, आभारात. ‘प्रयोगशाळेतील मदतीबद्दल.’ दोन वर्षांची मदत! जेवले नाही.

५ जाने.
तक्ता नीट पाहिला आणि हसूच फुटलं. वजनाचे आकडे लॅबच्या वहीतले, जसेच्या तसे. म्हणजे न धुतलेल्या कापसाचे! लॅबला पाणी नाही, म्हणून मी तो मस्तगडला घरी आणून उकळायचे. माय म्हणायची, “कापूस शिजवून राह्यली का गं?” उकळल्यावर नुसतं चिकटलेलं निघून जातं, साडीची खळ जाते तसं. धाग्याला खरं जोडलेलं तेवढंच उरतं; वजन त्याचंच धरायचं. ती वजनं माझ्या घरच्या वहीत. सरांनी कधी विचारलंच नाही. निम्म्याहून जास्त कलम खोटं.

९ जाने.
२२ ला सरांचं व्याख्यान, बाहेरची मोठी मंडळी येणार. मी पुढच्या रांगेत. एकच प्रश्न. “सर, कापूस धुतला होता का?” आरशापुढं म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. भर सभेत नाक कापणार त्यांचं.

१६ जाने.
नसरीन आली, सरांची नवी विद्यार्थिनी. रडवेली.
“ताई, माझे आकडे पेपरच्या निम्मे बी न्हाई येऊन राह्यले. सर म्हन्ले, तुझ्या हातातच खोट.”
“धुतेस?”
“हां, रोज घरून कॅन भरून नेते ना.”
धुण्याचं आता बोलले तर ती सरांना विचारणार, ते गुपचूप दुरुस्ती छापणार. माझी २२ तारीख वाया जाणार. तिला चहा दिला. सहा दिवस कळ काढ, पोरी. (स्वतःची लाज वाटली. वाटू दे.)

२१ जाने.
नसरीन पुन्हा. आज रडत नव्हती, तेच वाईट.
“सरांनी उद्यापर्यंत टाइम दिलाय, न्हाईतर नाव कट. ताई, काल एक नळी बिनधुता तोलली. बिलकुल पेपरसारखा आकडा आला. तसंच लिहून देऊ का?”
मी ट्रंकेतून घरची वही काढली. पदराखाली धरून उभी राहिले. दिली तर माझा उद्याचा प्रश्न गेला, नाही दिली तर ही खोटा आकडा लिहिणार. ती उत्तराची वाट बघत होती.