डिसेंबरातला कूलर

ब्राउनश्वाइग,
रविवार, ४ डिसेंबर २०१६

प्रिय केतन,

फोनवर तू हसतोस आणि मी फसते, म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

तुझ्या भाचीला, अन्वीला, शाळेत ग्रीकांचं महाकाव्य शिकवताहेत. आठवडाभर आमच्या घरात एकडोळे राक्षस आणि उठसूट रुसणारे देव. ते रुसवे ऐकून मला आपली यमुनाआत्या आठवली. आईला सांगून हसवायचं होतं, पण महिनाभर ती तुझ्या फोनवर येतच नाही. कधी झोपलेली, कधी विहारात, कधी बोलायचा कंटाळा. मधूनमधून तू तिच्या आवाजातला निरोप तेवढा पाठवतोस, दीपा, वेळेवर जेवत जा. येत्या शुक्रवारी माझा पीएच.डी.चा व्हायवा, त्या गडबडीत मीही खोलात गेले नाही.

आज जेवताना अन्वीनं पुढची गोष्ट सांगितली, नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच. घरचा रस्ता विचारायला त्या काव्यातला वीर मेलेल्यांच्या जगात उतरतो, तर तिथल्या गर्दीत त्याला स्वतःची आई दिसते. निघताना तिला चांगली धडधाकट सोडून आलेला असतो. कशानं गेलीस, असं तो विचारतो. तुझी वाट पाहून, म्हणते ती. इतके देव होते, मग एकानंही त्याला आधी का सांगितलं नाही, असं अन्वीनं घास हातात धरून विचारलं. मी हसून तुझ्या भावोजींकडे, विनयकडे पाहिलं. त्यानं ताटातून मान वर केली नाही.

मी तशीच उठले आणि आईचा परवाचा निरोप पुन्हा लावला. तिच्या आवाजामागे कूलर घरघरत होता. नागपुरात, डिसेंबरात? धम्मचक्र दिन झाला की तो पुसून, गोणपाटात गुंडाळून ठेवणारा तूच ना रे? म्हणजे हा निरोप उन्हाळ्यातला, जुना. विनयला मी काही विचारलेलं नाही. मला ते तुझ्याकडूनच हवंय.

बाबा गेले तेव्हा तू होस्टेलवर होतास, बारावीचे पेपर चालू होते. शेवटचा पेपर होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, हे मीच ठरवलं होतं. घरात ही रीत मीच पाडली. तू कधी मला बोल लावला नाहीस, मीही लावणार नाही. व्हायवाचं काय व्हायचं ते होवो. आई कधी गेली, तेवढं लिही. आणि कशानं गेली तेही. माझी वाट पाहून गेली असेल, तरी तसंच लिही.

तुझीच,
ताई