वामकुक्षीत न वाजणारं कॅबिनेट

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या देल्फिनाबाईंनी आज भिंतीवर झाडूचा दांडा तीनदा आपटला. पावणेतीनला. आम्ही तेव्हा भर समुद्रात होतो, पोरगा लिसांद्रो तोफेवर, मी सुकाणूवर, आणि तो स्पीकरमधून ओरडत होता — "म्हाताऱ्या, डावीकडे घे, डावीकडे!" मला वाटलं ठोके खेळातलेच. घेतलं डावीकडे.

साडेपाचला बाई दारात हजर. झोप झालेली नव्हती, पण तोंड धुऊन, केस विंचरून आलेल्या. म्हणजे भांडायचं तेही रीतसर.

"रोसेन्दो, तुमच्या घरात दुपारी ट्रॅक्टर चालवता का?"

म्हटलं, बाई, कॉम्प्युटर आहे.

"कॉम्प्युटर माझ्या भाचीकडेपण आहे. तो गप्प असतो. तुमचा मका दळतो."

नोव्हेंबर म्हणजे आमचा उन्हाळा; चव्वेचाळीस अंशांत अख्खं सान्तियागो देल एस्तेरो शहर दुपारी झोपतं. दुकानं, बँक, कुत्री, सगळी. आणि आमची भिंत एकच, पलीकडे त्यांची खाट. त्यांचंही चूक नाही. "दीड ते पाच, एवढंच मागते मी. बाकी हव्या तेवढ्या तोफा उडवा." मग जाता जाता अगदी गोड आवाजात — "मार्चमध्ये तुमचा करार संपतोय ना? पुन्हा ऐकू आलं तर मला अनिबालशी बोलावं लागेल." अनिबाल म्हणजे घरमालक. त्यांचा सख्खा भाऊ.

गंमत अशी की मला तो आवाज नीट ऐकूच येत नाही. तेहतीस वर्षं बसच्या इंजिनाला खेटून बसलो. त्या मानाने हे काहीच नाही.

१५ नोव्हेंबर

दुसरी वेळ नाही. सगळे म्हणतील, संध्याकाळी खेळा की. कसं खेळणार? लिसांद्रो स्पेनमध्ये, बीगोला, मासळीच्या शीतगोदामात. पहाटे चारला उठतो. त्याचे मोकळे दोन तास म्हणजे साडेसहा ते साडेआठ. तेव्हा इथे अडीच ते साडेचार. ऐन वामकुक्षी.

उरलेल्या बावीस तासांत माझ्याशी कोण बोलतं? बेकरीवाली. ती म्हणते, "आणखी काही?"

हेडफोन लावत नाही मी. तो सारखा सांगतो. एकतर घामाने कान चिकटतात. आणि दुसरं — स्पीकरवर त्याचा आवाज घरभर जातो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तरी मागून येतो. हे त्याला सांगितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

शनिवार. खेळ नाही. कुणाशी एक शब्द नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

अक्कल पाजळली. कॉम्प्युटर उचलून बायकोच्या, एर्मिंदाच्या कपाटात ठेवला. जाड लाकडाचं कपाट, आजोबांच्या काळातलं. आवाज काय बाहेर येणार! मागच्या फळीला भोक पाडून वायरी ओढल्या. तिचे कपडे अजून त्यातच आहेत. ती जाऊन दोन वर्षं झाली, काढवत नाहीत.

पंचवीस मिनिटं छान गेली. भिंत गप्प. मग कपाटाच्या फटीतून गरम हवा यायला लागली आणि तिच्यासोबत एर्मिंदाचा वास. साबण, लव्हेंडर, आणि तिचा म्हणून एक. मी सुकाणू सोडून नुसता बसलो. इतक्यात स्क्रीन काळी. कॉम्प्युटर तापून बंद पडला होता, हात लावला तर चटका बसला.

पुन्हा चालू होईस्तोवर जहाज बुडालेलं. "म्हाताऱ्या, झोप लागली का रे तुला?" हो म्हणून टाकलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी नऊलाच यामिला आऊआदच्या दुकानात. तिचे आजोबा तिथे कापड विकायचे, ही कॉम्प्युटरचे भाग विकते. पोरगी तिशीची, पण बोलणं आजोबांसारखंच. गिऱ्हाइकाला मोजून मापून.

म्हटलं, कॅबिनेट दाखव. स्वस्तातलं आणि आवाज न करणारं. आत काही नवं नको, फक्त पेटी. आताची पेटी म्हणजे पातळ पत्रा, लिसांद्रो जाताना सोडून गेला ती. एक पाय तुटलाय, खाली पुठ्ठा दिलाय, पंखा फिरला की सगळा पत्रा थरथरतो. हे सगळं मी तिला सांगितलं. जरा जास्तच सांगितलं बहुतेक. सकाळपासून कुणी भेटलं नव्हतं.

तिने तीन काढली. एकाला चहूबाजूंनी काच, आत रंगीत दिवे. "हे नका घेऊ काका. पुढे काच, हवा शिरणार कुठून? शोभेचं आहे." दुसरं बंद, काळं, आतून जाड स्पंजचं अस्तर. खोक्यावर मोठ्या अक्षरांत — शांत. तिसऱ्याला पुढे नुसती जाळी.

"जाळीचं न्या."

म्हटलं, जाळीतून आवाज बाहेर येणार नाही?

"येईल. पण आवाज करायची वेळच कमी येईल. गार हवा मिळाली की पंख्याला जोरात फिरावं लागत नाही."

मला हसू आलं. म्हटलं, बाई गं, आपण सान्तियागोची माणसं. सकाळी दहाला खिडक्या बंद, झडपा बंद, पडदे बंद. आई तर दाराच्या फटीलाही ओलं फडकं लावायची. बंद ठेवलं की थंड राहतं, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. आणि तू मला जाळी विकतेस?

"काका, घरात तुम्ही असता. ह्यात चूल असते."

मी अस्तरवालं घेतलं. किंमत दोन्हींची सारखीच होती. तिने जास्त वाद घातला नाही, फक्त पावती मागे उलटून तिथे स्वतःचा फोन नंबर लिहिला.

२० नोव्हेंबर

सकाळभर सगळे भाग इकडून तिकडे. फोटो काढून काढून जोडलं. एक स्क्रू उरला. बसचं इंजिन दोनदा उतरवलंय मी आयुष्यात, तेव्हाही एक उरलाच होता आणि बस चालली.

अडीचला सुरू केलं. शांत! कान लावला तरी काही नाही. वीस मिनिटं मी राजा होतो. मग हळूहळू घूंऽऽ. मग मोठं. मग मलासुद्धा ऐकू यायला लागलं, म्हणजे बघा. आतली हवा आतच उकळत होती आणि पंखे जिवाच्या आकांताने पळत होते.

आज चार ठोके. मी लिसांद्रोला म्हटलं, नेट गेलं, आणि बंद केलं.

२१ नोव्हेंबर

खोटं बोललो. त्याला लिहिलं की नेटवाले सोमवारशिवाय येणार नाहीत. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

अडीच. झडपा लावून खाटेवर पडलो. सगळं गाव झोपलेलं. पंखा फिरतोय. झोप नाही.

तिथे साडेसहा वाजले असतील. तो काय करत असेल, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. घर कसलं, खिडकीतून काय दिसतं, जेवतो काय — दोन वर्षांत एकही गोष्ट विचारलेली नाही. आम्ही फक्त जहाजाबद्दल बोलतो. आणि त्याचं कारण मी आहे. इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचणार आहे?

तो एका वर्षासाठी गेला होता. तिथे त्याला उशिया भेटली आणि वर्षाची चार झाली. एर्मिंदा आजारी पडली तरी म्हणायची, "येईल, तिकीट काढतोय तो." तिकीट निघेपर्यंत ती गेली. पुरून आल्यावर मी फोन केला आणि म्हटलं, ह्यापुढे त्या बाईचं नाव माझ्या कानावर घालायचं नाही. तिच्या घरातलं काही मला सांगायचं नाही. त्याने एवढंच विचारलं, "मग बोलायचं काय आपण?" मी फोन ठेवला.

सहा महिने गेले. मग मी त्याचा कॉम्प्युटर विकायला काढला तेव्हा त्याचा निरोप आला, विकू नकोस, बस समोर, शिकवतो. तेव्हापासून हे जहाज. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही.

पोरगा शब्दाचा पक्का. मी सांगितलं ते त्याने तंतोतंत पाळलं. इतकं पाळायला नको होतं, असं आज वाटलं. पण सांगायला तोंड कुठे आहे? आणि आता हे दोन तासही गेले तर काय उरतं? डावीकडे घे म्हणणारंसुद्धा कुणी नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

पेटी काखेत घेऊन यामिलाकडे. मान खाली घालूनच आत शिरलो.

ती हसली नाही. "जाळी?"

"जाळी."

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही अन्यातुयाची बस चालवायचात ना? रेडिएटर कुठे असायचा?"

पुढे, म्हटलं.

"त्याच्यावर कधी गोधडी बांधलीत?"

तोंडात मारल्यासारखं झालं. तेहतीस वर्षं! उन्हाळ्यात रेडिएटरपुढे अडकलेला एक कागद काढायला मी भर रस्त्यात बस थांबवायचो. आणि इथे अक्कल गहाण टाकून आईचं ओलं फडकं आठवत बसलो.

तिने अस्तरवालं परत घेतलं, वापरलं म्हणून थोडे पैसे कापले, बरोबरच आहे. सोबत दोन मोठे पंखे दिले, ताटाएवढे नाही पण बशीएवढे नक्की. मोठा पंखा सावकाश फिरला तरी पुरेशी हवा ओढतो म्हणे. दोन्ही पुढे लावायचे, हवा आत घेणारे. जुना मागे, बाहेर टाकणारा. खाली रबराचे पाय, म्हणजे फरशी थरथरत नाही. कागदावर बाण काढून दिले. मी म्हटलं, कळतं गं मला. "हो, कळतं," म्हणाली आणि कागद खिशात कोंबला माझ्या.

२४ नोव्हेंबर

बसवलं. स्क्रू उरला नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

अडीचला सुरू. पावणेतीन. तीन. माझं लक्ष समुद्रावर कमी, भिंतीवर जास्त. दोनदा खडकाला धडकवलं. लिसांद्रो वैतागला — "पाच दिवसांत जहाज चालवायचं विसरलास?"

साडेतीन. काही नाही. आत्ता मला दुसरंच ऐकू येत होतं. भिंतीवरचं घड्याळ. नळाचा थेंब. हे सगळं आधीही वाजत असणार.

मध्येच तो म्हणाला, "म्हाताऱ्या, आहेस ना?"

आहे की.

"नाही, एकदम शांत झालं तुझ्याकडे. आजवर वाटायचं तू विमानातून बोलतोयस."

मी नवीन कॅबिनेटचं सांगितलं. जाळीचं, मोठे पंखे, सगळं. त्याने खूप प्रश्न विचारले. पंखे किती रुंद, कार्ड किती तापतं. इतकं लांब आम्ही बऱ्याच दिवसांत बोललो नव्हतो. पंख्यांबद्दल का होईना.

२६ नोव्हेंबर

साडेपाचला देल्फिनाबाई. मी म्हटलं आता काय. तर हातात ताट, वर चिपाको, चरबी घालून भाजलेला ताजा पाव, वास सुटलेला.

"काल-परवा बाहेरगावी होतात का?"

घरीच होतो, म्हटलं. खेळत होतो.

त्यांनी आत डोकावून कॉम्प्युटरकडे पाहिलं, एखाद्या माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाल्या, अनिबालशी बोलायचं काही कारण उरलं नाही. "आता फक्त तुमचा आवाज येतो. बहिऱ्याशी बोलल्यासारखे बोलता तुम्ही. पण ते चालेल, त्याने झोप लागते मला."

मग दारातच थांबल्या. "मुलाशी बोलता ना रोज? काय म्हणतो?"

"डावीकडे घे, म्हणतो."

"आणि?"

"आणि कधी उजवीकडे."

त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. ताट उद्या द्या म्हणाल्या. चिपाको अर्धा खाल्ला, अर्धा झाकून ठेवला. एकट्याने संपत नाही.

२७ नोव्हेंबर

आज जिंकलो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तीन वाजून दहा मिनिटं. घर शांत. स्पीकरमधून बाळाचं रडणं आलं. लिसांद्रोचा माइक झटकन बंद झाला. मिनिटभराने परत चालू — "शेजारचं आहे, म्हाताऱ्या. वारा मागून आहे, डावीकडे घे."

मी सुकाणू सोडलं. म्हटलं, भुकेचं रडणं आहे ते. जहाज गेलं खड्ड्यात. जा, उचलून घे त्याला.

रडणं जवळ जवळ येत गेलं. मग अगदी हळू म्हणाला —

"तिला."