शिवरात्रीच्या पुड्या

९ जानेवारी २००१, चौसाळा

लिही. आज सकाळी शिऊ राधाकिशनच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात गेली आणि विहिरीवरच्या एका जळक्या मोटारीचं पोट फाडून आली. हात कोपरापर्यंत काळे! तिची आई ओरडली, "पोरीची जात, आन् अंगाला ग्रीसचा वास! उद्या बघायला आले तर?" मी म्हणलं, विमल, ते आले की मोटारच बसवू पाटावर. ती तरी खाली मान घालून बसंल.

शिऊ हसली. म्हणजे शिवांजली, माझी नात. हे लिहितेही तीच. मला अक्षर येत नाही. दिवाळीपासून रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की किराण्याच्या गादीवर बसून मी सांगते, ती लिहिते. मी "हाय" म्हणते, ती "आहे" लिहिते — माझ्या तोंडाला पावडर लावते. लावू दे. सत्तरीत कोण लावणार दुसरं!

१३ जानेवारी

शनिवार. शिऊ एस्टीनं बीडला गेलती. तिथं स्टँडजवळ नेटचं दुकान आहे. पुण्याची कुठलीशी संस्था त्या नेटवर मोटार भरायचं शिकवते. मोटार भरायची म्हणजे पाणी नाही — जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची.

"मास्तर कोण हाय तुमचा?"

"मास्तर दिसत न्हाईत, आज्जी. धडा पडद्यावर येतो. मी छापून आणते."

"मास्तर न्हाई, फळा न्हाई, छडी न्हाई. मग शाळा कशाची बाई?"

"तुला न्हाई कळायचं."

खरंच नाही कळायचं. तरी राग आला. लिही, राग आला.

१९ जानेवारी

आता परीक्षा म्हणे अशी — बारा जळक्या मोटारी स्वतः उघडायच्या. आत खाचा किती, एका खाचेत तारेचे फेरे किती, कुठली तार कुठून कुठं गेली, सगळं मोजून प्रत्येकीचं एक चित्र काढायचं. बाराच्या बारा चित्रं अठ्ठावीस फेब्रुवारीच्या आत बीडहून पाठवायची. पास झाली तर पुण्याला बोलावणं.

पुण्याला!

जळक्या मोटारींना इथं काय तोटा? वीज अशी येते-जाते की रोज एखाद्या विहिरीवर धूर. पण मोटार राधाकिशनची. त्यानं आधी डोळे वटारले. "मोज, पर दुपारच्या आत मोज. मला तारा उपटायच्यात. शेतकरी उरावर बसलेत." म्हणजे प्रत्येक मोटार एकदाच हाताला लागणार. तारा उपटल्या की मोजायला काय राहतं? भंगार.

२७ जानेवारी

शिऊची सात चित्रं झाली. माझ्या पायाला कढत पाण्याची पिशवी. बाकी काही नाही.

६ फेब्रुवारी

आज पोरगी जमिनीवर नव्हती. भारत चव्हाणाची मोटार राधाकिशननं दोनदा भरली, दोनदा जळाली. भारत दुकानात येऊन शिव्या घालत होता — "पानी माझ्या उसाला द्यायचं का तुझ्या तोंडाला, बे?" शिऊ चित्र काढायला बसली होती. मोजता मोजता म्हणाली, काका, ह्या खाचेतली तार उलटी गेलीय. राधाकिशननं चष्मा पुसला, बघितलं, परत पुसला. मग म्हणाला, "पोरी, हे तुला पुण्यानं शिकवलं व्हय?"

भारत जाताना तिला शिवांजलीताई म्हणाला. माझ्या देखत पन्नास वर्षात ह्या आळीतल्या कुठल्याच दुकानात बाईला कुणी असं नीट नाव घेऊन बोलावलं नव्हतं. मला आमच्या किराण्यात "ओ म्हातारे, गूळ दाव" म्हणतात.

मी लगेच टोचलं. माझा स्वभावच तसा. "पुण्यात भाकरी कोण थापणार तुला?"

"मेस असती."

"कुणाच्या हातची?"

"कुणाच्या का असंना, आज्जी!"

कुणाच्या का असेना, म्हणे.

१५ फेब्रुवारी

बारावं झालं. शिऊनं सगळी चित्रं आणून माझ्यासमोर गादीवर मांडली. पांढऱ्या कागदावर एक गोल, गोलाला खाचा, आणि त्यातून निघणाऱ्या रेघा — एक लाल, एक निळी, एक हिरवी. एवढ्या रेघा, पण एकीत एक गुंतलेली नाही. मी म्हणलं, ही कोळीण कुठल्या घरात जाळं विणणार? ती म्हणाली, आधी पास तर होऊ दे.

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिनं दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवलेत, उंदराच्या भीतीनं. बीडला पुढल्या गुरुवारी जाणार. त्याआधी जायचं म्हणत होती, पण तिचे आप्पा, म्हणजे माझा लेक संगमेश्वर, म्हणाला, शिवरात्रीची गर्दी संपू दे, मग जा. गर्दीत तराजू कोण धरणार?

२० फेब्रुवारी

उद्या शिवरात्र. सगळ्या गावाला आजच उपास आठवला! भगर, साबुदाणा, शेंगदाणे, परत भगर. शिऊ तराजूवर, मी पुड्यांवर. मनगटं गेली. आज एवढंच.

२१ फेब्रुवारी

लिंगपूजा झाली, भस्म लावलं, कपभर दूध घेतलं. शिऊ फळीवर चढली — उद्याची तयारी. पिशवी होती. पिशवीत काही नव्हतं.

तिनं मला विचारलं. मी म्हणलं, काल गर्दीत रद्दी म्हणून तेच कागद हाताला आले असतील. मला काय, सगळा कागद सारखाच. सगळ्यांच्या पुड्या झाल्या.

ती फळीवरूनच खाली माझ्या गादीजवळच्या रद्दीच्या गठ्ठ्याकडं बघत राहिली. वरच उभी.

चुकून झालं असं लिही. लिहिलंस?

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं म्हणाली.

२२ फेब्रुवारी

पोरगी बीडऐवजी गावात फिरली, दारोदार. मीही काठी घेऊन मागं. जानकीबाईच्या घरी पुडी चुलीत गेलेली. "कागद होता ओ, चित्राचा होता का कशाचा कोण बघतं? भगर बघायची का कागद?" तिचं काय चुकलं! वत्सलाबाईच्या उकिरड्यावर एक सापडली, खरकट्यात. लाल रेघ पसरून गुलाबी झालेली. सुभद्राबाईनं मात्र साबुदाणा डब्यात ओतून कागद घडी घालून ठेवला होता. म्हणाली, "लई सुबक चित्र होतं, टाकवंना."

तिथं मी ओसरीवरच बसले. सुभद्राबाईलाही अक्षर येत नाही.

२४ फेब्रुवारी

चार कागद वाचता येण्यासारखे. राधाकिशननं सगळ्या आळीत सांगून ठेवलंय, कुणाची मोटार जळाली तर आधी इकडं आणा. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस मोटारी जळायची वाट बघतोय, आणि ह्या आठवड्यात वीज कशी गुणाची, पूर्ण दाबानं! आधीच्या मोटारी भरून विहिरीत गेल्या. त्या वर काढा म्हणून कुणाला म्हणायचं? पाण्याची पाळी चाललीय.

शिऊ मला काही बोलत नाही. म्हणजे बोलते. "आज्जी, चहा." "आज्जी, औषध." तेवढंच. विमल म्हणाली, "सासूबाई, तुमी तरी काहून हात लावला फळीवर?" मी ऐकू येत नाही असं केलं.

२८ फेब्रुवारी

दोन मोटारी जळाल्या शेवटी. चार आणि दोन, सहा.

आज मी तिच्याबरोबर बीडला गेले. नको म्हणत होती, तरी गेले. नेटचं दुकान म्हणजे खुराड्यांची ओळ. एका पेटीत कागद पालथा घातला की पडद्यावर उमटतो. पडद्यावर बारा चौकटी होत्या. एकेक चित्र एकेका चौकटीत जाऊन बसलं. सहाच्या पुढं चौकटी रिकाम्या.

तिनं बटण दाबलं. मी विचारलं, "गेलं?" ती म्हणाली, "गेलं. अर्धं."

येताना एस्टीत खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी पिशवीतनं पेरू काढून दिला. तिनं घेतला, मांडीवर ठेवला. चौसाळ्याला उतरताना तो तसाच होता.

१० मार्च

उत्तर आलं. अपूर्ण. जुलैत नवी तुकडी निघेल, तेव्हा पहिल्यापासून.

मी धीर देत म्हणलं, बरं झालं की, पुण्यात एकटी कशी राहिली असतीस जन्मभर?

तिनं माझ्याकडं बघितलं. "जन्मभर? एका महिन्याचं होतं, आज्जी. हातानं मोटार भरून दाखवायची, पास झाल्याचा कागद घ्यायचा आन् परत. राधाकिशनकाकाच्या शेजारचा गाळा बघून ठेवलाता मी."

एक महिना.

मी कधी विचारलंच नाही. पुणं म्हणलं की माझ्या डोक्यात माझी बहीण. ती लग्न होऊन पुण्याला गेली, ती तिच्या मातीलाही मला जायला मिळालं नाही. आणि खरं सांगू? ही गेली तर माझं कोण लिहिणार, हेही होतं. घरात बाकी सगळ्यांना येतं लिहायला. पण मी बोलायला लागले की ते उठून जातात.

हे सगळं लिहू नकोस.

लिहिलंस? बरं.

२६ एप्रिल

बसवजयंती. गावात मिरवणूक. शिऊ दुकानात तराजूवर. राधाकिशन आला होता, एक गुंतागुंतीची मोटार आहे, बघतेस का विचारत. ती म्हणाली, "आता जुलैत, काका." माप मात्र आजही चोख — दाण्याला दाणा. तिच्याकडं बघून शेंगदाण्याची पुडी वळताना माझी बोटं चुकली. पन्नास वर्षात पहिल्यांदा पुडी सुटली, दाणे खाली.

७ जुलै

शनिवार. पोरगी सकाळच्या गाडीनं बीडला गेली, नव्या तुकडीत नाव घालायला. नवी वही, लाल-निळ्या-हिरव्या पेन्सिली. दुपारच्या गाडीनं परत! मी म्हणलं, एवढ्यात?

पडद्यावर ती संस्थाच उघडत नाही. पांढरं पान येतं. नेटवाल्यानं पुण्याला फोन लावून बघितला, नंबरच बंद. तो म्हणाला, "ताई, ह्या नेटच्या कंपन्या गेल्या वर्षी भसाभसा निघाल्या, औंदा तशाच मिटायल्या. कुणाला विचारायचं?"

म्हणजे फेब्रुवारीतली ती तुकडी शेवटचीच. बारा चौकटी भरल्या असत्या तर—

संगमेश्वर म्हणाला, जाऊ दे, दुकान हायच की आपलं. शिऊ म्हणाली, हो आप्पा. पेन्सिली तिनं चुलतभावाच्या लेकराला देऊन टाकल्या.

९ जुलै

लिही. चुकून झालं नाही.

ती चित्रं मला ओळखू आली होती. बाराही. एकेक कागद घेतला, आणि पुडी वळताना चित्र आतल्या अंगाला घेतलं, कुणाला दिसू नये म्हणून. रद्दीचं आत-बाहेर कुणी बघतं का?

पोरीचा हात थांबला नाही. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी रद्दीच्या नव्या गठ्ठ्याची सुतळी सुटलीच नव्हती, आज्जी, मग फळीवर हात कशाला जातो? मला फळीवरनंच दिसलंतं. पुढं सांग."