सात पाण्यांचा प्रसाद

सेलू,
गुरुवार

तीर्थस्वरूप बन्सीधरदादांच्या पायी धाकट्या सत्यशीलाचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींची शुगर, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. (फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर ठेवता आणि निम्मं जिंतूर ऐकतं.)

तुम्ही एसटीनं पाठवलेलं पोचलं ते असं: तुमच्या लेकाकडं, महारुद्रकडं, तैवानला जाऊन आणलेल्या उलाँग चहाचा डबा एक, बिनकानाचे कप चार (एकाची कड उडालेली, कंडक्टरनं हात झटकले), आणि तुमच्या अक्षरातला कागद एक. पार्सल सोडवायला साठ रुपये लागले. डब्याची किंमत यांनी चष्मा लावून शोधली, ती तिकडच्या लिपीत निघाली. बरं झालं. कळली असती तर मी तो डबा देव्हाऱ्यात ठेवून रोज नुसता हात जोडला असता.

आता मुद्द्याचं. निकिताला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला पाहिजे? पण सोनपेठच्या आमच्या विहीणबाईंनी, केवळाबाईंनी, त्यात खोडा घातला. लग्न ठरवायला आल्या तेव्हा आपल्याकडचा चहा पिऊन त्या "कपाचा तळ दिसतो" म्हणाल्या होत्या, तुम्हाला आठवत असेल. (मी दूध बेतानं घालते. पातेल्यातून उतू जाईल इतकं ते आमच्याकडं कधी येतच नाही.) ज्या घरी चहाची ही गत, तिथं बाळंतिणीला डिंकाचा लाडू कसा मिळायचा, असा त्यांचा सवाल. तो विचारायला त्या मंगळवारी स्वतःच येऊन उतरल्या. म्हणजे त्या दिवशीच्या चहावर माझी लेक माझ्या घरी येणार का नाही ते ठरायचं होतं.

आणि नेमकं त्याच दिवशी दूध नासलं.

तसं विहीणबाईंना सांगितलं आणि तुमचा डबा काढला. तुम्ही लिहिलंय की पहिलं पाणी पानांवर ओतून टाकून द्यावं, दुसऱ्यापासून प्यावं, आणि तीच पानं सात पाण्यांपर्यंत चालतात. दादा, हे वाचून त्या परमुलखातल्या बायांबद्दल मला फार आदर वाटला. पण पेच असा की आपल्याकडं देवाला दाखवल्याशिवाय तोंडात काही जात नाही. पहिलं पाणी म्हणजे पानांचं धुवण, ते देवापुढं कसं ठेवावं? ते गार करून तुळशीला घातलं. (तिनं तक्रार केली नाही.) दुसऱ्या पाण्याचा नैवेद्य दाखवला, आणि हात जोडले असतानाच मला सुचलं. या पानांचा नैवेद्य झालेला. मग पुढं यांच्यातून निघेल तो प्रत्येक कप प्रसादच की. प्रसाद नको म्हणता येत नाही, आणि प्रसादाला नावंही ठेवता येत नाहीत.

देवापुढचा कप विहीणबाईंच्या हातात दिला. (कप एवढाले, की तीर्थाची पळी मोठी म्हणावी.) त्यांनी आत डोकावून बघितलं.

"तळ दिसायलाय, इनबाई."

"प्रसाद हाय," मी म्हणाले.

त्यांनी कप कपाळाला लावला आणि प्याल्या. करतात काय? त्या पाण्याला रातराणीचा वास होता, हे त्यांच्या नाकाला कळलं पण तोंडानं कबूल केलं नाही. तिसरं पाणी दिलं. त्याला लोणी कढवताना येतो तसा वास. तेवढ्यात हे मध्येच दुधाचं काहीतरी बोलायला लागले, त्यांना मी दळणाला पाठवलं. चौथ्याला चक्क हुरडा भाजल्यासारखा वास आला, आणि विहीणबाईंनी पदर सावरून मांडी घातली. पाचव्याला काकवीची गोडी होती. तो कप त्यांनी दोन्ही हातांत धरला, पण पिईनात. मग म्हणाल्या, "माझा शिवशंकर सकाळी दुकानाला जातोय ते अंधार पडल्यावर येतोय. निकिता हिकडं आली तर तीन महिने मी बोलू कुणाशी? म्हशीशी?"

दादा, डिंकाच्या लाडवांवर मी तेरा उत्तरं पाठ करून ठेवली होती. एकही कामाला आलं नाही. सहावं पाणी मी दोघींच्या कपांत काठोकाठ ओतलं. सातव्याला वास संपला होता, नुसती ऊब राहिली होती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग तुमीबी या की निकितासंगं." (याचा दोष मी तुमच्या चहाला देते.) माझं वाक्य संपायच्या आत त्या हो म्हणाल्या आणि चप्पल घालून एसटीला निघाल्यासुद्धा. तेव्हा अमावास्या झाली की दोघी येतात. देवाची कृपा.

वहिनींना नमस्कार. कड उडालेला कप मी यांना लावून दिलाय.

तुमची,
सत्यशीला

ता. क. दूध नासलं नव्हतं. अर्धा लिटर होतं, चांगलं घट्ट. विहीणबाई गेल्यावर त्याला विरजण लावलं. देवापाशी कबूल केलंय, तुमच्यापाशी आता करते.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला निघाले तोच विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "नासक्या दुधाचा वास तुमच्या घरात कुठंच आला न्हाई, इनबाई. तवा येताना आमची म्हैस घेऊन येते." टेम्पोसुद्धा ठरवलाय त्यांनी. दादा, कडब्याची एक पेंढी काही सात वेळा पुरत नाही, आणि म्हशीला प्रसाद म्हणून गप्पही बसवता येत नाही. तरी तुमच्या शेतातल्या किती पेंढ्या पाठवता, ते उलट टपाली कळवावं.