हृषीच्या नावाची कोरी ओळ

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर, आम्ही तिघं भाजलेल्या शेंगा खात बसलो होतो. दोघा भावांत मिळून एकच इलेक्ट्रिक गिटार. माझे यजमान वेणीमाधव डाव्या हाताने तारा दाबत आणि धाकटे दीर हृषीकेश उजव्या हाताने छेडत. मी टरफलं फेकून मारली, तरी दोघांचा सूर हलला नाही. वकिलांची हरकत असूनही ही संध्याकाळ मी या मृत्युपत्रात वर घातली आहे. तिच्याशिवाय पुढचं कोणाला कळणार नाही.

मी, यशोदा वेणीमाधव मंद्रूपकर, वय सदुसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार सोलापूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हे लिहिते आहे ते कोणाच्या धाकाने नव्हे. परवा जे ऐकलं त्याने. येत्या सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आधीचं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातलं 'हृषीकेश यांस काहीही देऊ नये' हे वाक्य यजमानांनी सांगून लिहून घेतलं होतं.

१. घर आणि बँकेतल्या ठेवी मुलगी उर्वी हिला.

२. शिवणयंत्र आणि पितळेची भांडी स्वयंपाकाला येणाऱ्या निंगव्वाला. शेजारणींनी नेलेले डबे परत आले, तर तेही तिचेच.

३. आता मागच्या खोलीतला कॉम्प्युटर. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना सांगत, देताना कारण सांगू नये. आज मला ते मोडावं लागतं आहे.

निवृत्तीनंतर यजमानांनी नवी गिटार घेतली. तिची वायर थेट कॉम्प्युटरला आणि कानांवर हेडफोन, त्यामुळे बाहेर आम्हाला नुसती तारांची कोरडी टकटक ऐकू यायची. "साहेब काय कुटायलेत आत?" निंगव्वा विचारायची. मी म्हणायचे, "पेन्शन."

गेल्या पौषात ते गेले. आतलं सगळं पुसून कॉम्प्युटर कोणाला तरी द्यायचं ठरलं. त्याआधी एकदा म्हणून उर्वीने परवा स्पीकर लावले आणि खोली भरून गेली. एवढा मोठा, गोड आवाज या घरात होता आणि आम्ही बाहेर मटार सोलत होतो. मग मधेच सूर थांबला.

"बिघडलं का गं?"

"नाही, आई. हे बघ."

पडद्यावर एकाखाली एक दोन ओळी होत्या. प्रत्येक वाद्याची वेगळी ओळ असते म्हणे. वरच्या ओळीचं नाव 'वेणी'. खालचीचं 'हृषी'. ती कोरी. प्रत्येक गाण्यात तसंच. वरची ओळ मधे थांबून जागा सोडते आणि खालच्या ओळीत कोणी नाही. एका गाण्यात चुकून माइक चालू राहिला होता. त्यात यजमान म्हणतात, "हं, हृषी, आता तू घे." पुढे काहीच नाही.

हृषीकेश ती दोघांची जुनी गिटार न विचारता पुण्याच्या ऑर्केस्ट्रात घेऊन गेले, त्या दिवसापासून या माणसाने भावाचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. सासूबाईंच्या तेराव्यालाही दोघं एकमेकांकडे पाठ करून जेवले. मी तेवढंच खरं धरून संसार केला. ती कोरी ओळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

काल माढ्याला भावजींना फोन केला.

"वहिनी, अर्धांगाने डावा हात गेलाय की माझा. आणि दादा नसताना त्या घरात कुठल्या तोंडाने येऊ?"

"तोंड राहू द्या भावजी. उजवा हात घेऊन या."



४. जुन्या गिटारीतला यजमानांचा निम्मा हिस्सा वारशाने माझ्याकडे आला आहे. तो मी हृषीकेश यांना देते. आजपासून ती गिटार न विचारता नेलेली नाही.

५. नवी गिटार उर्वीला. बाबांनी तिला तारा दाबायला शिकवलं आहे.

६. हृषीची ओळ भरेपर्यंत कॉम्प्युटर पुसू नये, विकू नये. उर्वीने डाव्या हाताने तारा दाबाव्यात, हृषीकेशनी उजव्याने छेडाव्यात. हेडफोन लावू नयेत; निंगव्वाला स्वयंपाकघरात ऐकू गेलं पाहिजे. त्यानंतर कॉम्प्युटर, आतल्या सगळ्या गाण्यांसह, हृषीकेश यांचा.

७. याची एक प्रत आजच माढ्याला जाईल. भावजी सोमवारच्या आत आले, तर शेंगा मी भाजेन. नाही आले, तर भाजायची कढई उर्वीला.

सही: यशोदा वेणीमाधव मंद्रूपकर

आमच्या डोळ्यांदेखत यशोदाबाईंनी स्वतः वाचून सही केली:
१. वीरभद्रप्पा हत्तुरे, शेजारी
२. डॉ. सुबोध माढेकर

सोलापूर, १२ फेब्रुवारी २०२६