डॉक्टर काय म्हणाले होते

रोल्ला, शारजा
५ मार्च २००४, शुक्रवार

प्रिय केतकी,

तुझा सेमिनार चांगला झाला, सरांनी सगळ्या वर्गासमोर कौतुक केलं, हे ऐकून फार बरं वाटलं. मंगळवारी फोनवर तू किती उत्साहाने सांगत होतीस. अन्न आतड्यातून किती वेगाने पुढे सरकतं त्यावर तिथले जिवाणू काय खातात ते ठरतं, आणि ते काय खातात त्यावर पुन्हा वेग ठरतो, यातलं आधी काय आणि नंतर काय हे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. मध्येच थांबून तू म्हणालीस, "आई, बोअर होतंय का?" मी नाही म्हटलं. खरंच होत नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि तुझं पुढचं वाक्य काय असेल ते मला आधीच कळत होतं. कसं, ते सांगायला आज बसले आहे. बाबा बाहेर गेलेत, घरात दुसरं कोणी नाही.

तुला रोल्लाचं ते जुनं घर आठवत असेल. दोन खोल्या, एक आमची, एक यूनुसभाई आणि अन्वरीभाभींची, स्वयंपाकघरात दोन शेगड्या आणि दोन्ही घरांत मिळून एकच बाथरूम. बाबा तेव्हा खोर फक्कानच्या बंदरावर होते. शनिवारी पहाटे जायचे, गुरुवारी दुपारी यायचे. आठवडाभर तू आणि मी. तुझी स्कूलबस सहा वाजून दहा मिनिटांनी खाली यायची. त्याआधी यूनुसभाईंना ड्युटीवर जायचं असायचं, मला डबा करायचा असायचा, आणि तू आत जाऊन बसलीस की दोन मिनिटांत मी दार वाजवायची. "यल्ला, चल केतकी, बस येईल." तू तशीच उठून यायचीस. शाळेत छोटी सुट्टी दहा मिनिटांची, तिथल्या संडासाला कडी नाही, म्हणून तू तिथेही जायची नाहीस. दुपारी घरी आलीस की म्हणायचीस, आता नाही होत. मला वाटायचं, नाही तर नाही, एक काम कमी झालं. हे असं वर्षभर चाललं. तू सात वर्षांची होतीस.

मग तुझे कपडे खराब व्हायला लागले. आधी थोडेसे, मग रोज. वास यायचा. मी विचारलं की तू म्हणायचीस, मला कळलंच नाही. ते मला खरं वाटायचं नाही. एवढ्या मोठ्या मुलीला कळत नाही म्हणजे काय? मी तुला बाथरूममध्ये उभं करून थंड पाण्याने धुतलं आहे. थोबाडीतही मारली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. बसमधली मुलं तुला 'स्टिंकी' म्हणायची, नाक धरून सीट बदलायची. तू ते मला इंग्रजीत सांगितलंस, "नोबडी सिट्स विथ मी", आणि मी उत्तर दिलं, "कोण बसेल?" हे वाक्य तुला आठवत नसेल अशी मी बारा वर्षं आशा करत आले आहे.

एकदा मी बाजारातून आले तर दोरीवर तुझी चड्डी आणि युनिफॉर्म वाळत होता. अन्वरीभाभींनी धुतला होता. त्यांनी तुला आपल्या खोलीत बसवून पेज भरवली होती. मला म्हणाल्या, "गो उर्मिला, पोरीला मारू नको. ती मुद्दाम करत नाय. तिचा पोटच साफ नाय." आपल्या पोरीची घाण दुसऱ्या बाईने हाताने धुतली याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मला राग आला. आमच्याकडे किती स्वच्छता, किती शिवाशिव, हे मी त्यांना येताजाता ऐकवलेलं होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी मोजकं बोलायला लागले. त्यांनी कधीच काही तक्रार केली नाही, हे लक्षात ठेव, कारण पुढे मी त्यांच्या नावावरही खोटं बोलले आहे.

जानेवारीत इथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं, दुबईला एका बाईंच्या घरी. तुला हिरवं परकर-पोलकं शिवलं होतं. तू गाणं म्हटलंस, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू त्यांच्या पांढऱ्या सोफ्यावर जाऊन बसलीस. उठलीस तेव्हा डाग होता. त्या बाईंनी एसी वाढवला, एकीने खिडकी उघडली, आणि वाण वाटायचं काम घाईने उरकलं. परतताना टॅक्सीत तू माझ्या हाताला हात लावलास. मी माझा हात काढून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात मी तुला घेऊन डॉक्टर खैरुद्दीनांकडे गेले. चौकाजवळ वरच्या मजल्यावर छोटा दवाखाना होता, म्हातारे हैदराबादी गृहस्थ होते. त्यांनी तुझं पोट हळूहळू दाबून पाहिलं, तुला हसवलं, आणि मला सांगितलं की शुक्रवारी हिला मक्याचं कणीस खायला घाला आणि दाणे बाहेर कधी पडतात त्याकडे लक्ष ठेवा. शुक्रवारी आपण तिघं खाडीकाठी गेलो, बाबांनी तुला दोन कणसं घेऊन दिली. तुला मजा वाटली होती. दाणे बुधवारी सकाळी दिसले. पाच दिवसांनी. त्याच संध्याकाळी तुला घेऊन मी पुन्हा त्यांच्याकडे गेले.

आता केतकी, ते काय म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ आहे. ते म्हणाले, "बहेनजी, दोन दिवस लागले तर ठीक. पाच म्हणजे गाडी अडकली आहे." आतड्यात जिवाणूंची मोठी वस्ती असते, ती सगळ्यांच्याच पोटात असते. अन्न वेळेत पुढे गेलं तर त्यांना भाजीचा, डाळीचा, कोंड्याचा न पचलेला भाग मिळतो, त्यावर ते खूश असतात, आणि त्यातून जे तयार करतात त्याने आतडंही चालतं राहतं. पण माल तिथेच चार-पाच दिवस पडून राहिला की चोथा संपतो आणि तेच जिवाणू प्रथिनांकडे वळतात. दुर्गंधी येते ती त्याने. "बच्ची गंदी नहीं है. बच्ची स्लो है." पाणी शोषलं जाऊन मळ दगडासारखा होतो, दुखतं, म्हणून मूल आवरून धरतं, म्हणून आणखी साठतं. आतडं ताणून ताणून त्याची जाणीव मरते, आणि कडेने पातळ झिरपतं तेव्हा मुलाला खरोखरच कळत नाही. तुझ्याकडे बघून त्यांनी हे सांगितलं, आणि तू खिडकीतून खाली कबुतरं बघत होतीस.

त्यांनी कागदावर लिहून दिलं. रोज एक औषध, इसबगोल, फळं, पाणी. सकाळी खाऊन झाल्यावर पायाखाली पाट ठेवून दहा मिनिटं निवांत बसवायचं, दार वाजवायचं नाही, रागवायचं नाही. मी विचारलं किती दिवस? म्हणाले, एक वर्ष, कदाचित थोडं कमी. मध्ये मध्ये कपडे खराब होतील, धीर धरा, इन्शाल्ला पूर्ण बरी होईल.

मी तो कागद जिन्यात फाडला आणि खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मला शाळेत केजीला शिकवायची नोकरी मिळणार होती, हे एक कारण मी बरीच वर्षं धरून बसले होते. पण खरं कारण ते नाही. मला आणखी एक वर्ष ती लाज सोसायची नव्हती. तुझं दुखणं बरं होणार होतं, आणि मला दुखणं नकोच होतं, आत्ताच्या आत्ता डोळ्यांआड हवं होतं.

त्या गुरुवारी बाबा आले. मी सांगितलं, डॉक्टर म्हणतात काही आजार नाही, ती लक्ष वेधून घ्यायला मुद्दाम करते, तिला शिस्त आणि हवापालट हवा. अन्वरीभाभी घर सोडा म्हणतायत, असंही सांगितलं. बाबा डोकं धरून बसले. ते म्हणाले, मी बदली मागून बघतो, मी घरी असलो तर फरक पडेल. मी म्हटलं, मिळणार नाही. मग मी त्यांचं ताट वाढलं आणि वाढता वाढता म्हटलं, सांगलीच्या शालनताईंना मूल नाही, त्यांना तिचा किती लळा आहे. आणखी काही बोलले नाही. ते शेवटी म्हणाले, "मग तिला सांगलीला पाठवून देऊ." एवढंच वाक्य तू दाराआडून ऐकलंस. ते त्यांच्या तोंडून निघावं म्हणून मी तासभर बसले होते.

विमानतळावरही मी आले नाही, डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. ते एकटेच तुला घेऊन मुंबईला, तिथून सांगलीला गेले. तू त्यांचा शर्ट सोडत नव्हतीस आणि त्यांना तुझी बोटं एक एक करून सोडवावी लागली, हे मला शालनआत्याने सांगितलं. त्यांनी कधीच सांगितलं नाही.

आत्याने कुठल्या डॉक्टरला न विचारता तेच केलं. तुला वेळ दिला. आठ महिन्यांत तिचं पत्र आलं, पोर खडखडीत बरी आहे, आता घेऊन जा, मला सवय लागेल त्याआधी. बाबांनी त्याच दिवशी तुझ्यासाठी घडीचा पलंग आणला. मी म्हटलं, इथली मुलं पुन्हा चिडवतील, तिथे ती रुळली आहे, मध्येच शाळा कशाला मोडायची. खरं म्हणजे मंडळात मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की मराठी शिकावी म्हणून मुलीला देशात ठेवलं आहे. बायका मला मानायला लागल्या होत्या. दरम्यान मी दुसऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलांना शाळेच्या बाथरूममध्ये नेत होते आणि दाराबाहेर उभी राहून म्हणत होते, सावकाश बस हं राजा, घाई नाही.

पंच्याण्णवच्या सुट्टीत तू आलीस. अकरा वर्षांची झाली होतीस. बाथरूममधून बाहेर यायच्या आधी तू प्रत्येक वेळी फरशी घासायचीस, बेसिन पुसायचीस, बादली पालथी घालायचीस. पाहुण्यासारखी. एकदा मी दारातच उभी होते. तू दचकून म्हणालीस, "मी सगळं स्वच्छ केलंय, आई." मी नुसती मान हलवली. तेव्हा तुला जवळ घेऊन एवढं जरी म्हटलं असतं, की तुझं काही चुकलं नव्हतं, तरी पुरे होतं.

मंगळवारी फोन ठेवता ठेवता तू सहज विचारलंस, "तेव्हा तुम्हाला कोणी डॉक्टरने हे सांगितलं नव्हतं का गं?" आणि मी म्हणाले, "नाही गं, तेव्हा कुठे कोणाला काय माहीत होतं." बारा वर्षांनी, एवढ्या सरळ प्रश्नाला. त्यानंतर तू बाबांशी बोललीस. त्यांची कंपनी बंद झाली, व्हिसा रद्द झाला, इथलं सगळं खलास करून ते सांगलीला येतायत आणि शाळेच्या नोकरीसाठी मी इथेच राहतेय, हे तुला माहीत होतंच. तू त्यांना सांगितलंस की तुम्ही आत्याकडे राहा, मी मैत्रिणीच्या खोलीवर जाते, ज्या माणसाने मला सोडलं त्याच्याबरोबर मला एका घरात राहता येणार नाही. ते "बरं बाळा" म्हणाले. फोन ठेवून मला म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

काल दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, कागदापासून. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती दिवस लागतील म्हणाले होते डॉक्टर?" मी म्हटलं, एक वर्ष. "एकच वर्ष?" असं म्हणून ते उठले आणि पुस्तकं खोक्यात भरायला लागले. एक खोकं भरून झाल्यावर मागे न वळता म्हणाले, "केतकीला हे सांगू नकोस. बाप गेलाच आहे तिचा, आई तरी राहू दे." मी हो म्हटलं. पण केतकी, त्या माणसाने आणखी एक दिवसही माझं ओझं वाहू नये म्हणून मी हे लिहिते आहे. उद्या यूनुसभाई मुंबईला निघतायत, ते तिथून कुरियर करतील, म्हणजे बाबांच्या आधी तुला मिळेल. बाबा पुढच्या शनिवारी, तेरा तारखेला सकाळी पोचतील. तू घर सोडून जाऊ नकोस. त्यांनी तुला सोडलं नव्हतं, मी सोडलं होतं. मला क्षमा कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. तू मला पत्र लिहावंस असंही म्हणत नाही. फक्त ते येतील तेव्हा दार तू उघड.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच,
आई