इंजिनाचं खरं कारण

उमरेड,
२ डिसेंबर २०२५

प्रिय मिनल,

तुला आणि काकूंना नमस्कार. इथं सगळे बरे. आई विचारत होती, "मिनल काहून येत नाही वं? रुसली का?" मी म्हटलं, कामात आहे.

परवा तुझ्या मनीषनगरच्या घरी आपण गेम इंजिनावरून भांडलो. ज्या सॉफ्टवेअरवर आख्खा गेम बांधायचा, ते मध्येच बदलता येत नाही, म्हणून तुझं तावातावानं बोलणं मला समजतं. तुझ्या मोठ्या इंजिनात आपल्या गेममधल्या विणकर गल्लीत ऊन कसं तिरपं उतरतं, साड्यांचे रेशमी काठ कसे चमकतात, ते मीही पाहिलं. सुंदरच आहे. तरी मी गोडो या साध्या, हलक्या इंजिनावर अडून बसले. लॅपटॉप तापतो म्हटलं. मग म्हटलं, जुन्या फोनवरही चालेल. तू म्हणालीस, "तुले नवीन शिकाचंच नाही वं, म्हणून बहाणे करून राहिली तू." मी उठून सरळ बस धरली.

बहाणेच होते ते. तुझ्या इंजिनात बरंचसं काम माऊसनं पडद्यावरच्या चौकोनाला चौकोन तारांनी जोडायचं. त्या तारांचं एक टोक धरलं की दुसरं मला सापडत नाही, मिनल. डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं, नजर कडेकडून आत आकसत जाईल. त्यावर औषध नाही. गोडोत मी सगळं शब्दांत लिहू शकते, आणि कॉम्प्युटर ते मला वाचून दाखवतो. म्हणजे पुढंही मला तुझ्यासोबत काम करता येईल.

पण गेम दोघींचा आहे. तुला मोठंच इंजिन हवं असेल, तर घे. मला वाईट वाटेल, पण गेम अडू नये. फोनवर हे मला बोलता आलं नसतं. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझी,
नंदिनी


मनीषनगर, नागपूर
८ डिसेंबर

नंदे,

पत्र वाचून आधी तुझा राग आला. दिवाळीत दिवसभर सोबत होतो, तरी बोलली नाहीस. मग माझाच आला.

शनिवारपासून मी गल्ली गोडोत पुन्हा मांडून राहिली आहे. ऊन तसं उतरत नाही. काठ सुती वाटतात. मला त्याची हळहळ आहे, ती तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्या चमकत्या गल्लीत मी एकटीनं काय केलं असतं? तिथली माणसं काय बोलतात, ते तुलाच लिहिता येतं.

रविवारी येते. काकूंना तू सांग, मी शेजारी बसते. इंजिनाचं त्यानंतर बोलू. खरं तर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

अजून चिडलेली, आणि कुठंही न जाणारी,
मिनल